चॅम्पियनची लाल पाठ

टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या अक्का त्या दिवशी मशीन सोडून उठल्या नसत्या, तर मी आज सोलापुरात नसतो. हे आधीच लिहून टाकतो. चॅम्पियनविषयी लिहायला लागलो की तोंड कडू होतं आणि चांगलं माणूस मागं राहून जातं.

मी नंदुरबारकडचा, सातपुड्याच्या डोंगरातला. आठवीत शाळा सुटली आणि इतक्या लांब, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरी-टॉवेलांच्या कारखान्यात बॉयलरवर लागलो. राहायला कारखान्याचाच माळा. काम गेलं की छप्परही गेलं, म्हणून मालकांच्या गाडीचा हॉर्न वाजला की मी दुप्पट वेगानं कामाला लागायचो. अजून लागतो.

चॅम्पियन म्हणजे मालकांचा पुतण्या. बॉक्सिंगमध्ये राज्याचं मेडल. चौकात त्याचा फ्लेक्स होता, हातात ग्लोव्हज आणि डोळ्यांवर काळा गॉगल. गॉगल लावून कोण कुणाला ठोसा मारतं, देव जाणे. रिंगमध्ये मी त्याला एकदा पाहिलं. समोरच्यानं नाकावर एक दिली की हा त्याच्या गळ्यात पडायचा, जत्रेत हरवलेला भाऊ सापडल्यासारखा. रिंगबाहेर मात्र हात सुटलेला. हमालाला टपली, वॉचमनच्या पाठीत गुद्दा. सगळा पराक्रम उलटून न मारणाऱ्यांवर.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी तो बॉयलरपाशी आला. सकाळी वजन करायचं होतं आणि ते त्याच्या गटाच्या वर जात होतं. आधी मटण-भाकरी हाणायची आणि शेवटच्या दिवशी घाम गाळून वजन उतरवायचं, ही त्याची तयारी.

"चादरी आण. जाड बघून."

मी धुतलेल्या जुन्या चादरी आणल्या. त्यानं त्या पायानं सारल्या आणि कोपऱ्यातल्या कोऱ्या लाल गठ्ठ्याला हात घातला. त्या खेपेला सुताचा रंग कच्चा राहिला होता, म्हणून तो माल बाजूला काढलेला.

"दादा, त्या नका घेऊ. ओल्या झाल्या की रंग सुटेल."

"ए डोंगऱ्या, मला शिकवतो व्हय?"

पलीकडून अक्का म्हणाल्या, "खरं सांगतोय की त्यो, पैलवान."

पैलवान म्हटलं की त्याला मिरच्या झोंबायच्या. "बॉक्सर म्हणा, बॉक्सर! आन् तुमी तुमच्या कडा शिवा."

मग तो त्या चादरी गुंडाळून बॉयलरला टेकून बसला. धापा टाकत होता, पण मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढायचं विसरला नाही.

सकाळी वजन बसलं. पण तपासणीसाठी अंगातला शर्ट काढला तर मानेपासून कमरेपर्यंत लालभडक. साबण लावून घासलं तशी कातडीही लाल झाली. तिथल्या डॉक्टरांना वाटलं त्वचेचा आजार आहे. त्यांनी रिंगमध्ये उतरू दिलं नाही. समोरचा पोरगा एक ठोसा न मारता जिंकला.

दुपारी हा दोस्तांना घेऊन कारखान्यात हजर. "यानंच मुद्दाम दिल्या त्या चादरी. समोरच्या पोराच्या माणसांनी फोडलाय याला."

मालकांनी मला एक शब्द विचारला नाही. "पेटी भर. आजच्या आज नीघ."

घरी जाऊन आईला काय सांगणार होतो? मी माळ्याच्या शिडीकडं वळलो, तेवढ्यात अक्कांची मशीन थांबली. पदरावर दोरे तसेच, त्या मालकांपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मालक, पोरानं सांगितलं हुतं. मीबी सांगितलं. यानं ऐकलं न्हाय."

"अक्का, तुम्ही मधे पडू नका. घरचा मामला आहे."

"घरचा हाय तर घरी मिटवा की. ह्याची पेटी कशाला भरायला लावताय?" मग चॅम्पियनकडं वळून म्हणाल्या, "नाकावर बुक्की खातोस, मग स्वतःची चूक तेवढी गिळवत न्हाय व्हय रे, पैलवान?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्या बायका हसल्या. चॅम्पियनचे कान पाठीच्या रंगाला आले आणि तो दोस्तांसकट चालता झाला. मालक एवढंच म्हणाले, "कामाला लागा." मी राहिलो.

पुढं कित्येक दिवस अक्कांच्या वाट्याला सुया मोडणारा जाड मालच येत राहिला. त्या तो तसाच शिवत राहिल्या. चॅम्पियन आता खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीत आहे. शाळांमधून जिद्दीवर भाषणं देतो आणि त्या वर्षी दुखापतीमुळं हुकलं, असं सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात.

अक्कांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. एकदा डबा खाताना फक्त विचारलं होतं, "तुमच्याकडं डोंगर असत्यात म्हणं? मी जवळनं कधी बघितला न्हाय." अक्का, एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेणार. आमच्या अंगणात सातपुड्याकडं तोंड करून बाज टाकीन, आईच्या हातची भाकरी तुमच्यापुढं ठेवीन, आणि त्या दिवशी तुम्हाला कशालाच हात लावू देणार नाही.