देवास गेटवरचं इंजिन टॉनिक

ऑइलच्या दुकानात बसलं की दोन गोष्टी आपोआप साचतात. शर्टावर डाग आणि डोक्यात किस्से. डागांचं आमची बायको बघते. किस्से ऐकून ऐकून मात्र तिने हात जोडलेत, म्हणून तुम्हाला सांगतो.

उज्जैनला देवास गेटजवळ माझं इंजिन ऑइलचं दुकान आहे. खायच्या तेलाचं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दिवाळीच्या तोंडावर एखादी बाई तरी डबा घेऊन येतेच. ऑइलबरोबर मी त्या छोट्या चमकदार बाटल्याही विकतो. इंजिन ऑइलमध्ये वरून टाकायच्या. कंपनीवाले त्याला अ‍ॅडिटिव्ह म्हणतात, आमच्याकडे सगळे टॉनिक म्हणतात. बाटलीवर लिहिलेलं असतं: इंजिनाचं आयुष्य वाढवा, अ‍ॅव्हरेज वाढवा, आवाज घटवा. हे खरंच होतं का, असं मला रोज कोणी ना कोणी विचारतं. आणि मी रोज एकच उत्तर देतो, "घेणारे परत येतात." यात खोटं काही नाही. येतात परत. का येतात ते मी विचारत नाही.

आमची मंडळी म्हणाल तर चार डोकी. एक मी, मला सगळे भाऊ म्हणतात. शेजारी सलीम उस्तादचं गॅरेज. समोरच्या बाकावर जोशी सर, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले, घरी वहिनींना नको झाले की इथे येऊन बसतात. आणि चौथा भेरूलाल, ऑटोवाला. साठीला आलाय, पण स्टँडवर अजून सगळ्यात पहिला त्याचाच नंबर असतो.

तर या सावनात भेरूलालच्या ऑटोने निळा धूर सोडायला सुरुवात केली. पुढच्या मंगळवारी आरटीओत फिटनेसची तारीख. फिटनेस नाही तर ऑटो रस्त्यावर नाही, आणि सावनातली गर्दी, महाकालची पालखी निघते ते सवारीचे सोमवार, यावर या माणसाचं अर्धं वर्ष चालतं. उस्तादने सायलेन्सरसमोर रुमाल धरला, रुमाल बघितला आणि सांगून टाकलं, "इंजन खोलना पड़ेगा. पिस्टन की रिंग गई. पंद्रह दिन."

"पंद्रह दिन में तो सावन निकल जाएगा, उस्ताद!"

उस्तादने खांदे उडवले. भेरूलाल येऊन माझ्या काउंटरसमोर बसला आणि टॉनिकच्या बाटल्यांकडे बघत म्हणाला, "भाऊ, सच बताओ. काम करती है क्या?"

आता धंदा माझा. मी काय सांगणार? मी म्हटलं, "घेणारे परत येतात." तो काही हलेना. रोज फेरी मारून यायचा, बसायचा, तेच विचारायचा. त्याला सरळ उत्तर द्यायला कोणालाच होईना, म्हणून आम्ही आठवडाभर त्याला किस्से सांगत बसलो.

*

पहिला किस्सा उस्तादने सांगितला, कारण त्यात तो हीरो आहे.

एकदा इंदूरहून एका कंपनीचा सेल्समन आला होता. टाय वगैरे लावून. बरोबर एक छोटं मशीन. मशीनमध्ये लोखंडी चाक फिरायचं आणि हँडल दाबलं की त्यावर एक बेअरिंग घासलं जायचं. साधं ऑइल घालून जरा दाब दिला की चाक कुरकुर करून थांबायचं. मग त्याने त्यात टॉनिकचे चार थेंब टाकले आणि हँडलवर सगळं वजन टाकून उभा राहिला. चाक आपलं मजेत फिरतंय!

"देखा?" तो म्हणाला. बघायला दहा-बारा लोक जमले होते. मी मनातल्या मनात दोन पेट्यांची ऑर्डर देऊन टाकली होती.

उस्ताद उठला. शेजारच्या किराण्यातून शॅम्पूचं एक पाउच घेऊन आला. दातांनी फाडलं. "चक्का पोंछो," म्हणाला, "और अब ये डालो."

सेल्समन हसला. लोकही हसले. शॅम्पू टाकला, हँडल दाबलं. चाक फिरतंय! उस्ताद स्वतः हँडलवर रेलला, त्याचं वजन काही कमी नाही. तरी चाक फिरतंय!

उस्ताद म्हणाला, "तो साब, कल से गाड़ियों में यही डालूँ? बाल भी बढ़िया रहेंगे."

सेल्समनने मशीन आवरलं. चहासुद्धा घेतला नाही बिचाऱ्याने. मी मात्र त्याला बसस्टँडवर गाठून एक पेटी सांगितलीच. लोक मागतात, त्याला मी काय करू?

*

"शॅम्पू वगैरे ठीक आहे," जोशी सर म्हणाले, "पण हा काही प्रयोग नाही. प्रयोग मी केला."

तो प्रयोग आम्हा सगळ्यांना पाठ आहे. सरांचं म्हणणं असं, की चांगल्या ऑइलमध्ये ही सगळी द्रव्यं कारखान्यातूनच घातलेली असतात, वरून टॉनिक टाकणं म्हणजे तयार श्रीखंडात पुन्हा साखर घालणं. पण नुसतं म्हणून काय उपयोग, सिद्ध करायला पाहिजे. म्हणून त्यांनी स्वतःच्या स्कूटरवर एक वर्ष प्रयोग केला. सहा महिने टॉनिकशिवाय, सहा महिने टॉनिक टाकून. पेट्रोल किती, किलोमीटर किती, सगळं वहीत. अगदी हवा कुठल्या दिशेची होती तेसुद्धा.

वर्षाअखेरी इथेच वही उघडली तर काय! टॉनिकवाल्या सहा महिन्यांत अ‍ॅव्हरेज चांगलं वाढलेलं.

सर हादरले. दोन दिवस आलेच नाहीत दुकानात. मी इकडे काउंटरवर एक बोर्ड लावायच्या बेतात, 'कॉलेजच्या प्रोफेसरांनी तपासलेलं'. तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या. मी आनंदाने त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, कसलं टॉनिक घेऊन बसलात! ती बाटली टाकल्यापासून हे स्कूटर इतकी हळू चालवतात, की टावर चौकात परवा आम्हाला एक हातगाडी ओव्हरटेक करून गेली. विचारलं तर म्हणतात, प्रयोग बिघडेल!"

म्हणजे औषध लागू पडलं होतं. पण इंजिनाला नाही, सरांना!

भेरूलालने हे सगळं शांतपणे ऐकलं. "मतलब असर तो हुआ," तो म्हणाला. सर चिडले आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून समजवायला लागले.

*

मग एक पुण्याचे पाहुणे. महाकालचं दर्शन करून परत निघालेले, मोठी गाडी, बायको-पोरं आत, आणि इंजिनातून टक-टक-टक आवाज. गृहस्थ दुकानात आले आणि मोठ्या कष्टाने हिंदीत म्हणाले, "भाईसाब, एक अच्छावाला एडिटिव्ह देना. सबसे महागवाला."

मी म्हटलं, "मराठीतच बोला न, आपलंच दुकान आहे."

ते चकित. "अरे वा, तुम्ही मराठी? इथे?" मी सांगितलं, आमचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी नोकरीला आले ते इथलेच झाले. पाच मिनिटं बोलणं झाल्यावर म्हणाले, "राग मानू नका हं, पण तुमच्या मराठीत हिंदी फार मिक्स झालीय."

राग कसला? ऐकायची सवय आहे. तेवढ्यात उस्तादने त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून ऑइल तपासायची पट्टी ओढली. पट्टी कोरडी ठणठणीत. पुन्हा पुसून घातली, पुन्हा काढली. ऑइलचा थेंब नाही! पुण्याहून उज्जैनपर्यंत हा माणूस देवाच्या भरवशावर आला होता.

"भाऊ," उस्ताद ओरडला, "साब को बोलो, टॉनिक बाद में. पहले पेशंट को खाना तो खिलाओ!"

मी पाहुण्यांकडे वळून म्हटलं, "राग मानू नका हं, पण तुमच्या इंजिनात तर मिक्स करायलाच काही नाहीये."

ऑइल भरलं, आवाज बराच बसला. जाताना त्यांनी टॉनिकही घेतलंच. मी नको म्हटलं होतं, खरंच म्हटलं होतं. पण महागाचं नको म्हटलं की माणसाला वाटतं, हा आपल्याला कमी समजतो.

*

एक आमच्या घरचा सांगतो. छोटाच आहे.

एक दिवस बायको डबा घेऊन दुकानात आली. एक गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन उलटीसुलटी करत होतं. घेऊ की नको. त्याने बायकोलाच विचारलं, "भाभीजी, आपकी गाड़ी में भी यही डालते हैं ना?"

आमची बायको सत्यवचनी. मी डोळ्यांनी खुणा करतोय, भुवया उडवतोय, काही उपयोग नाही. तिने सरळ सांगितलं, "नाही हो, आमच्याकडे कधीच नाही टाकत. एक थेंब नाही."

मी कपाळाला हात लावला. ते गिऱ्हाईक क्षणभर माझ्याकडे बघत राहिलं आणि मग एकदम हळहळून म्हणालं, "सही है. इतनी महँगी चीज़ है, आदमी खुद कहाँ डालेगा!"

दोन बाटल्या घेऊन गेलं.

*

आता भेरूलालचं.

शुक्रवारपर्यंत हे सगळे किस्से ऐकून झाले होते आणि धूर तसाच होता, उलट वाढलाच होता. शनिवारी सकाळी मी शटर उघडतोय तोच तो उभा. आंघोळ केलेली, कपाळाला गंध, ऑटो कडेला लावलेला. आज बाकावर बसला नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "किस्से बहुत हो गए. मंगल को गाड़ी फेल हुई तो मैं घर बैठ जाऊँगा. इस उमर में कौन अपनी गाड़ी देगा चलाने को? तुमको अपने बच्चों की सौगंध, एक बार सच बोल दो. इंजन में डालने से कुछ होगा कि नहीं?"

मला खरंच लाज वाटली. इतकी वर्षं या माणसाच्या ऑटोतून माझी पोरं शाळेत गेली. पावसात, थंडीत, एक दिवस खाडा नाही. त्याला मी 'घेणारे परत येतात' सांगत होतो!

मी म्हटलं, "नाही रे भेरूलाल. इंजिनात टाकून काही होत नाही. तुझ्या रिंगा झिजल्यात, त्या काय बाटलीने भरून येणार?"

"बिलकुल कुछ नहीं?"

"बिलकुल काही नाही."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "अच्छा. फिर भी एक दे दो."

मला वाटलं, बुडत्याला काहीतरी धरायला हवं असतं. मी सगळ्यात मोठी बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती कपाळाला लावली, ऑटो सुरू केला आणि निळ्या धुरात निघून गेला. उस्तादने मला दिवसभर शिव्या घातल्या. "मंगल को फेल होगा, और बोलेगा भाऊ की बोतल से हुआ. लिख के रख लो!"

मंगळवारी दुपारपर्यंत आम्हा तिघांचंही कामात लक्ष नव्हतं. उस्तादने एका मोटरसायकलीला दुसरीचाच प्लग लावला. जोशी सर पेपर उलटा धरून बसले होते. चारच्या सुमाराला हॉर्न ऐकू आला. एक नाही, लागोपाठ दहा-बारा. भेरूलाल ऑटोतून उतरला तो एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

पास!

उस्तादने कागद हिसकावून घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून वाचला. मग ऑटोच्या मागे जाऊन उकिडवा बसला आणि भेरूलालला रेस द्यायला सांगितलं. धूर नाही. रुमाल धरला. रुमाल जवळजवळ पांढरा. सर जवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मी माझ्याच काउंटरवरच्या बाटल्यांकडे नव्या नजरेने बघायला लागलो. म्हटलं, बाप रे, इतकी वर्षं आपण हे काय विकतोय!

शेवटी उस्तादने घसा खाकरला. "कितनी डाली?"

"पूरी," भेरूलाल म्हणाला. "एक बूँद नहीं बचाई."

"ऑइल में मिला के?" जोशी सरांनी विचारलं. त्यांनी खिशातून पेनसुद्धा काढलं होतं.

"नहीं सर, अकेली."

"इंजिन गरम होतं का थंड?" हे मी.

भेरूलाल पेढ्याचा पुडा सोडत होता. तो थांबला आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघायला लागला.

"इंजन में?" तो म्हणाला. "इंजन में काहे को डालता, भाऊ? तुम्हीं ने तो बच्चों की सौगंध पे बोला, इंजन में डालने से कुछ नहीं होता. शनिवार था, ऊपर से अमावस. त्रिवेणी घाट गया, नहाया, और तेल की जगह पूरी बोतल वहीं मंदिर में शनि महाराज पे चढ़ा दी."