सरळ हनुवटीचा हट्ट

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, फोटोग्राफर. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरून इकडे-तिकडे वळवायची आणि "हां, आता कसे माणसात आलात!" म्हणायचं, ही त्यांची हौस. त्यांच्याच घरी मुलगी जन्मली ती डाव्या बाजूने तोकड्या जबड्याची. हनुवटीही तिकडेच कललेली. झालं, साहेबांच्या अब्रूचा पार पंचनामा!

पोर जेवायची, बोलायची, वर्गात कुणाला हार जायची नाही. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं, "हिला श्वासाचा त्रास नाही, घास नीट चावते. मग घाई कशाला? आत्ता हाड लांबवलं तरी वाढताना ती बाजू पुन्हा मागे पडेल. वाढ पूर्ण होऊ द्या."

"तोवर मी लोकांना तोंड कसं दाखवू?" भाऊजी म्हणाले. तोंड पोरीचं, आणि दाखवायची पंचाईत यांना!

मग हो म्हणणारा डॉक्टर सापडेपर्यंत ते हिंडले. सापडलाच. त्याने जबड्याचं हाड कापून स्क्रू बसवला. तो स्क्रू घरच्यांनी रोज किल्लीने थोडा फिरवायचा, म्हणजे फट रुंदावते आणि तिथे नवं हाड धरतं. घरी आल्यावर किल्ली हातात घेताच भाऊजींना घेरी आली. "मला नाही बघवत," म्हणत शूरवीर बाल्कनीत जाऊन बसले. किल्ली फिरवली माझ्या ताईने. कळ आली तरी पोरीला दात आवळता येईनात. ती माझं मनगट आवळून धरायची.

चेहरा सरळ झाला. भाऊजींनी नातेवाइकांत मिरवून घेतलं. पोर वरच्या वर्गात गेली तशी हनुवटी पुन्हा डावीकडे सरकली. खालच्या ओठाचा एक कोपरा कायमचा बधिर झाला, तो वेगळाच. "डॉक्टरने फसवलं," म्हणून भाऊजी मोकळे, आणि लगेच दुसरा डॉक्टर शोधायला तयार.

"बाबा, माझ्या तोंडाला आता हात लावायचा नाही," पोर म्हणाली. "मी सांगेन तेव्हाच."

तिने सांगितलं कॉलेज संपल्यावर, त्याच सर्जनबाईंना, आणि ऑपरेशन त्यांनीच केलं. सोबत ताई आणि मी. भाऊजी उगवले ते घरी सोडायच्या दिवशी, आणि आल्या आल्या कँटीनच्या चहाला नावं ठेवू लागले.

हनुवटी आता बरीचशी मध्ये आहे. ओठाचा कोपरा मात्र तसाच. पाणी ओघळलं तरी तिला कळत नाही. परवा पाहुण्यांसमोर भाऊजी म्हणाले, "मी लहानपणापासून धडपडलो, म्हणून हे जमलं." ताई कप उचलून आत गेली. पोर खो-खो हसत सुटली. भाऊजींना वाटलं, कौतुकानेच.