एका वळकटीवरचे दोघे
नातीचे कान टोचताना सोनाराने तिच्या कानाच्या पाळीला खोबरेल चोळलं, आणि त्या वासासरशी मला लालबागची खोली आठवली. गावी पाळी म्हणजे शेतात कुळवाची, एवढंच मला ठाऊक होतं. शाळा सोडून मुंबईला आलो तेव्हा गिरणीची पाळी कळली, मग नळाची, मोरीची आणि झोपायचीसुद्धा. मी रातपाळीला, आणि ज्याच्या वळकटीवर मी दिवसा झोपायचो तो दिवसपाळीला. तो निघाल्यावर मी यायचो, मी निघाल्यावर तो. चेहरा कधी पाहिला नव्हता, उशीला त्याच्या खोबरेलाचा वास तेवढा यायचा. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला, गिरण्या बंद राहिल्या आणि सगळ्या पाळ्यांची माणसं खोलीत एकदम जमली. आता जागा नाही म्हणून मला गावी धाडतील, या धास्तीने मी दारातच थांबलो. "कोन रे तू?" कोपऱ्यात त्याच वळकटीवर आडवा झालेला एक जण म्हणाला. "काका, तुमच्या वळकटीवर दिवसा मीच झोपतो." "म्हणजे ती उलटी गुंडाळून ठेवणारा तूच होय! ये, टेक पाठ. आज कसली पाळी नि काय." तो भिंतीकडे सरकला. मी त्याच्या पाठीला पाठ लावून गाढ झोपलो. गिरण्या उघडल्या आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. आता अख्खा पलंग माझ्या एकट्याचा आहे, तरी झोपताना मी भिंतीकडची बाजू मोकळी ठेवतो.