मासा असा का पोहतोय, भाभी?

माझ्या मोबाईलमध्ये स्वतःच्या मुलांचे फोटो कमी आणि लोकांच्या माशांचे व्हिडिओ जास्त आहेत. बारामतीत आमचं ॲक्वेरियमचं दुकान आहे. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी माणसं बारामती-इंदापूर मिळून बोटांवर मोजण्याएवढी, पण कुणाचा मासा जरा तिरका पोहला की फोन मलाच येतो. मोबाईल भरला की व्हिडिओ मी पुसून टाकते. त्यासोबत जे ऐकलेलं असतं, ते काही पुसलं जात नाही.

०

कऱ्हाटीच्या रिटायर्ड गुरुजींनी एक पिवळा मासा नेला आणि त्याच संध्याकाळी तो टाकीतून गायब झाला. गुरुजींनी सोफ्याखाली शोधलं, शेजारच्या मांजरावर संशय घेतला. मी सांगितलं, ही जात दिवस मावळला की वाळूत शिरून झोपते, सकाळी बघा. सकाळी मासा वर आलेला होता. गुरुजींचा फोन आला, पण आवाज पडलेला. "भाभी, आमची मंडळी मला म्हनत्यात, शाळा हुती तवा तुमीबी असंच, दिवे लागले की गुडूप. आता झोपच येत न्हाय."

०

अंथुर्ण्याच्या एक वहिनी मुलांच्या शिक्षणासाठी बारामतीला फ्लॅटमध्ये आल्या. शेत वाट्यानं दिलंय. त्यांचा निळा मासा दिवसभर पंपाच्या तोंडासमोर, जागचा न हलता पोहत राहायचा. अडकलाय की काय म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी समजावलं, हा समुद्रातला, ह्याला अंगावर पाण्याचा जोर लागतो. दिवसभर प्रवाहाशी झटला की बरं वाटतं त्याला.

वहिनी टाकीजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "मलाबी असा एक पंप बसवून द्या."

०

एक किस्सा माझ्या चुकीचा. इंदापूरच्या एका टेलरचा नवा मासा गोल गोल फिरत होता, मधेच कलंडत होता. दुकानात गर्दी होती. मी व्हिडिओ अर्धाच बघितला आणि म्हटलं, नवीन जागा आहे, रुळेल. दुसऱ्या दिवशी मासा मेला. टेलर भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुमी रुळंल म्हनला, म्हनून मी दिवसभर टाकीकडं बघितलंच न्हाय."

तेव्हापासून फोनवर सांगणं बंद. मी जाऊन बघते.

०

माझं माहेर रत्नागिरीचं, घर अगदी समुद्राला लागून. इथं मी ड्रममध्ये समुद्री मीठ कालवते. खारटपणा मोजायला मीटर आहे, पण आधी बोट बुडवून जिभेला लावते आणि डोळे मिटून उभी राहते. एकदा नवऱ्यानं बघितलं. विचारलं, मीटर बिघडलाय का? मी हो म्हटलं.

संध्याकाळी तो नवा मीटर घेऊन आला.

०

आणि लासुर्ण्याचे तात्या. त्यांची मुलगी प्रियांका नर्स. पहिल्या पगारात तिनं टाकी घेतली, त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा सोडला, आणि वर्षभरात ती नोकरीसाठी जर्मनीला गेली. टाकी तात्यांकडे राहिली. महिन्याभरानं तात्यांचा फोन आला. मासा रोज संध्याकाळी डाव्या कोपऱ्यात जातो, तोंड वर करून उभा राहतो आणि अर्धा तास हलत नाही.

मी गेले. पाणी तपासलं, माशाचं अंग बघितलं, कल्ले किती वेगानं हलतात ते बघितलं. सगळं ठीक होतं. मग विचारलं, आधी खाणं कोण टाकायचं? तर प्रियांका. ड्युटीवरून आली की साडेपाचला, त्याच कोपऱ्यातून. तात्या मात्र सकाळी चहाबरोबर टाकत होते.

मी म्हटलं, "आजार नाही तात्या. तिच्या वेळेला तिची वाट बघतो. सकाळची सवय लागली की दोन-तीन आठवड्यांत विसरेल. काळजी करू नका."

तात्या मला गाडीपर्यंत सोडायला आले.

दोन महिन्यांनी मीठ पोचवायला संध्याकाळची गेले. तात्या डाव्या कोपऱ्यापाशी स्टुलावर बसले होते, चिमटीत खाणं धरून. मासा वर येऊन उभा होता. मी विचारलं, अजून विसरला नाही का हा?

"इसरत आला हुता," तात्या म्हणाले. "मंग म्याच परत सवय लावली."