ऐनाची पोकळ फांदी

माझी जीभ तिखट आणि डोकं त्याहून गरम, हे आमच्या उधवा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी काय केलं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

भाताचं बी टाकायच्या आधी आम्ही राब भाजतो. वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. त्या राखेवर रोप जोमात येतं. त्यासाठी मी बांधावरच्या ऐनाच्या फांद्या तोडत होते. एक फांदी पोकळ निघाली, आत सातेरी मधमाश्यांचं पोळं. एक माशी पापणीवर चावली. झालं! माझं डोकंच फिरलं. "थांबा, दाखवते तुम्हाला!" म्हणत फांदी पोळ्यासकट ओढत नेली, राबावर टाकली आणि काडी लावली.

बांधापलीकडे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा कारल्यांचा मांडव. दीर गेल्यापासून त्या एकट्याच, त्यावरच भागवायच्या. "यंदा वेल धरले नाहीत तर उंबरगावला कंपनीत जाईन बाई," असं म्हणायच्या.

पावसात वेल मांडवभर पसरले. फुलंच फुलं! पण बोटाएवढी कारली पिवळी पडून गळायची. जाऊबाईंना वाटलं, मातीतच दम नाही. डोक्यावरून पाट्यांमागून पाट्या शेणखत वाहिलं. वेल नुसते माजले. माझं भात मात्र छान आलं. भाताला दाणा भरायला माशी लागत नाही.

शेवटी कृषी सहाय्यक येऊन बघून गेले. म्हणाले, "बाई, माती झकास आहे. फुलांवर माश्याच नाहीत, तर फळ धरणार कसं?"

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "अगं, आपल्या ऐनावर किती होत्या! गेल्या कुठे?"

"मला काय विचारता? उडून गेल्या असतील," मी फणकारले. एरवी मी कुणाला भीत नाही, पण तेव्हा खरं बोलायची हिंमत झाली नाही. जनाची नाही, पण मनाची लाज वाटते मला.

दिवाळी झाली आणि त्या उंबरगावला निघाल्या. जायच्या सकाळी मला मांडवाखाली घेऊन गेल्या.

"हा तुकडा आता तूच कर. खत भरपूर पडलंय. माझ्याच हाताला यश नाही गं, तुझ्या हाताला आहे."

मी "बरं" म्हणाले.