पोराला पाजलेली आळणी

दोन हजार आठ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या एकुलत्या पोराचं वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो होतं. हा आकडा दवाखान्यात कळला नाही. पिंपळवंडीच्या आमच्या डॉक्टरकडचा काटा एकशे तीसच्या पुढं जात नव्हता. ते म्हणाले, मोठ्या काट्यावर वजन करा आणि मला येऊन सांगा. गावात मोठा काटा होता तो कांद्याच्या वखारीत.

वखारीत त्या दिवशी भरणी चालू होती. पोरगं चपला काढून काट्यावर उभं राहिलं. एक हमाल वाकून आकडा बघून म्हणाला, "तीन गोण्या. दोन किलो कमी."

दुसरा म्हणाला, "पावणं, माल निवडून भरलाय ना? मधी गोल्टी न्हाई ना घातली?"

गोल्टी म्हणजे बारका कांदा, गोणीच्या पोटात दडवतात तो. सगळे हसले. पोरगंही हसलं. मी हसलो नाही. म्हणालो, "खात्यापित्या घरचा हाय तो. तुमच्यावाणी वाळलेला न्हाई."

खरं तर त्याला भरवणारा मीच होतो. नऊ वर्षांचा असताना त्याला टायफॉईड झाला आणि नुसती हाडं राहिली. त्याच सुमारास एका लग्नात आमच्या सोयऱ्यानं चार माणसांत विचारलं, "काय राव, तुमच्यात पोराला जेवायला वाढत न्हाईत का?" ते बोलणं माझ्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्याच्या ताटाशी मी स्वतः बसायला लागलो. एक भाकरी जास्त, दुधात तूप, परत एक भाकरी. तो "बास आबा" म्हणाला की मी त्याच्या हातावरून वाढायचो. त्याची आई म्हणायची, त्याला नको असंल तर राहू द्या. मी ऐकलं नाही. पुढं साखरेनं तिचा पाय गेला आणि मग तीही गेली. तरी साखर आपल्या घरात शिरलीय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि मी काही अडाणी खाऊ घालणारा नव्हतो. नव्वदच्या सालात माझ्याकडं शर्यतीच्या गाड्याचे बैल होते. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, पळवायच्या बैलाला खुराक कसा मोजून द्यायचा, बरगडीवरून हात फिरवून मांस कुठं जास्त झालंय ते कसं ओळखायचं, हे विचारायला बेल्ह्याच्या बाजारात लोक मला हाताला धरून न्यायचे. पोट सुटलेला बैल घाट चढत नाही, हे मी दहा जणांना शिकवलं असेल. पोराच्या बरगडीवर कधी हात फिरवला नाही. त्याचं अंग भरलं तशी माझी मान वर झाली.

तो भोसरीला कंपनीत लागला. बसून काम आणि कँटीनचं जेवण. शनिवारी गावी आला की माझं ताट तयारच. तिशी ओलांडली तशी साखर निघाली, मग बीपी, मग गुडघे. सगळ्यात वाईट म्हणजे झोपेत त्याचा श्वास थांबायचा. घोरता घोरता एकदम गप्प, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा दचकून उठायचा. सून त्याच्या छातीवर हात ठेवूनच झोपायची. दिवसा त्याला कुठंही डुलकी लागायची. एकदा खेडच्या अलीकडं मोटारसायकलवर डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडच्या चारीत गेली. खरचटण्यावर निभावलं.

मी म्हणालो, "भाकरी कमी कर. सकाळी बांधावरून चाल. उतरंल."

"आबा, दोन वर्सं तेच करतोय," तो म्हणाला. खरं होतं. त्यानं पावडरी खाल्ल्या, टीव्हीवर हिंदीत ओरडून विकतात तो पट्टा बांधला, उपास केले. बारा किलो उतरलं की पंधरा चढायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की आता पोटाचं ऑपरेशनच करायला पाहिजे. जठर कापून केळ्याएवढी नळी ठेवायची, म्हणजे जेवण कमी जातं. नाही केलं तर कधीतरी झोपेतून उठणार नाही.

मला ते पटलं नाही. जनावराचंसुद्धा पोट आम्ही कधी कापलं नाही. मी ऑपरेशनला गेलो नाही, रुसून घरी बसलो. झाल्यावर मात्र निरोप धाडला की पोरगं बरं व्हायचं ते स्वतःच्या घरात होईल. डॉक्टर म्हणत होते, पंधरा दिवस जवळपास राहा. मी सहाव्या दिवशी जीप पाठवली. सून नको म्हणत होती, पण माझ्यापुढं तिचं चालत नव्हतं.

घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याला पंधरा दिवस फक्त पातळ द्यायचं होतं. सून औषधाच्या बाटलीचं झाकण घ्यायची, त्यात पाणी नाहीतर ताक ओतायची आणि घड्याळ बघून एकेक झाकण द्यायची. दोन झाकणं झाली की थांब. चिमणीच्या पिल्लाला पाजावं तसं. मी तीन दिवस ते पाहिलं. येणारे-जाणारे भेटायला यायचे आणि बाहेर पडताना म्हणायचे, "लई खंगलं हो पोरगं." तेच ते लग्नातलं बोलणं मला परत ऐकू यायचं.

नवव्या दिवशी सून औषध आणायला नारायणगावला गेली. मी मटण आणवून ठेवलंच होतं. चुलीवर आळणी केली, म्हणजे मसाला न घालता हळद-मिठात शिजवलेल्या मटणाचं पाणी. आमच्यात बाळंतिणीला आणि आजाऱ्याला हेच देतात. माझा विचार असा की डॉक्टर पातळ म्हणाले आणि आळणी पातळच आहे. वाटी भरून त्याच्यापुढं धरली.

"आबा, एवढी न्हाई जात."

"पातळ हाय. पी."

त्यानं पिली. माझ्या हातातलं त्यानं आजवर कधी नाकारलं नव्हतं. दुसरी वाटीही संपवली. मग मला वाटलं, नुसत्या पाण्यानं ताकद कशी येणार? तिसऱ्या वाटीत बाजरीची अर्धी भाकरी चुरली, बोटांनी पार गाळ केला. तो म्हणाला, "आबा, नको." मी म्हणालो, "आता तुला माझ्या हातचं बी नको झालं का?" आणि त्यानं डोळे मिटून ती वाटी तोंडाला लावली.

अर्ध्या तासात तो छाती धरून वाकडा झाला. मोरीत ओकला, तरी दुखायचं थांबेना. घाम सुटला. मी पहिलं काय केलं असेल तर मोरीत दोन बादल्या पाणी ओतलं. चुरा वाहून गेला. मग शेजाऱ्याला हाक मारली. तेवढ्यात सून आली आणि आम्ही त्याला जीपमध्ये घालून पुण्याला नेलं.

तिथं डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

पोरगं माझ्याकडं न बघता म्हणालं, "पाणी. जरा जास्त पिलो."

डॉक्टर सुनेवर उखडले. "तुम्हाला बजावलं होतं ना मी, मोजून द्या म्हणून? तुम्ही कुठं होतात?"

"औषध आणायला गेले होते," ती म्हणाली. एवढंच. मान खाली घालून तिनं सगळं ऐकून घेतलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. टोपी काढली, परत घातली.

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या पाण्यानं एवढं होत नाही. आतला टाका उसवला असणार. ताप चढतोय. सकाळपर्यंत बघू, नाहीतर पोट परत उघडावं लागेल. आणि या वजनात दुसऱ्यांदा भूल देणं सोपं नाही."

मला लिहिता-वाचता जेमतेम येतं, चौथीत शाळा सुटली. पण डॉक्टर काय बोलले ते मला चांगलं कळलं होतं. ते पाण्याचा हिशोब धरून चालले होते आणि पाणी नव्हतंच. मला एक वाक्य बोलायचं होतं. माझं चुकलं, असं मी तोपर्यंत कुणाला म्हणालो नव्हतो. बायकोला नाही, भावकीला नाही. बैल हरला तर घाट खराब होता म्हणायचो. आणि आता सुनेसमोर म्हणायचं?

ती चहा घेऊन आली. "आबा, तुमी सकाळपासनं काय खाल्लं न्हाई," म्हणाली. माझ्यापायी बोलणी खाल्ली होती तिनं आणि तिला ते माहीतही नव्हतं. मी चहा घेतला.

पोरगं आज चालतं-फिरतं आहे. लोक म्हणतात, ऑपरेशन चांगलं मानवलं. आळणीची गोष्ट गावात आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि त्या दोघांच्यानं ती कुणाला सांगवणार नाही. म्हणून मीच सांगतोय.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर यायच्या आधी मी तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि सुनेला म्हणालो, "पोरी, माझ्यासंगं चल." तिला घेऊन डॉक्टरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते आल्यावर त्यांना बसूही दिलं नाही. म्हणालो, "डॉक्टर, पाणी न्हवतं ते. मी आळणी पाजली. तीन वाट्या. शेवटच्या वाटीत बाजरीची भाकरी चुरलेली व्हती. पोरगं नको म्हणत व्हतं. ही घरात न्हवती, हिचा काय बी दोष न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "काल का नाही सांगितलंत?" त्यांनी नर्सला हाक मारून सांगितलं की पोट उघडायच्या आधी दुर्बीण घालून भाकरी अडकलीय का बघू, आणि मला विचारलं, "भाकरी किती होती?"

"एवढी," म्हणालो आणि हाताचा पंजा उघडून त्यांना दाखवला.