सातवा नारळ

तीस वर्षं मी व्हायोलिन वाजवतो आहे. दिल्लीत वाजवलं, कोलकात्यात वाजवलं, परदेशात बाहेर बर्फ पडत असताना वाजवलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातली एकही मैफल ऐकली नव्हती. कारण एकच, मेंढरं. मेंढरांना रविवार नसतो.

म्हणून घोडेगावच्या मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा मी तारीखही न विचारता होकार दिला. शिनोलीपलीकडच्या वस्तीवरून आबा आले, पण आल्या आल्या बजावलं, "पाचच्या यष्टीला मी उठणार. मेंढरं वाड्यात घालायची हायत. बिबट्या काय तुझं वाजवणं ऐकत बसायचा न्हाई."

तीनचा कार्यक्रम चारला सुरू झाला. पहिला नारळ माझा. वर फेटा आणि शाल. आम्ही मांडी घालून बसतो. व्हायोलिनचं एक टोक छातीला, दुसरं पायाच्या घोट्यावर. शालीवरून ते घसरतं. मी शाल काढू लागलो तर निवेदक कानात म्हणाले, "फोटो होईस्तोवर राहू द्या, पावणं."

भीमपलास सुरू केला. चार स्वर लागतात न लागतात तोच दारात कुणीतरी माजी सदस्य आले. सभागृहात चालू माइक एकच, माझ्या व्हायोलिनपुढचा. निवेदकांनी तो उचलला. "आपल्या सर्वांचे लाडके..." हार, शाल, नारळ, टाळ्या. माइक परत आला. पुन्हा पहिल्यापासून. मग दुसरे लाडके आले. मग तिसरे. तालुक्यात इतकी लाडकी माणसं असतील याची मला कल्पना नव्हती! तबलेवाल्यानं तर हात पुसून चहा मागवला.

आबा शेवटच्या रांगेत बसलेले. कान मंद. माइक गेला की त्यांच्यासाठी मी नुसता हात हलवणारा माणूस. सहावा नारळ झाला, पावणेपाच वाजले आणि आबा काठी टेकत उठले.

निवेदकांची नजर अचूक. "कलाकाराचे वडील! त्यांनी मंचावर यावं!"

आबा आले. शाल घेतली, नारळ घेतला आणि निवेदकांच्या हातातला माइकही घेतला. माझ्याशेजारी बसकण मारली, माइक मुठीत धरून व्हायोलिनपुढं केला आणि काठी आडवी टाकली. "वाजीव."

वाजवलं. मध्येच एक बडे पुढारी आले. निवेदक वाकून माइकला हात घालू लागले. "थांब रं," आबा म्हणाले, "त्याचं व्हऊ दे." पुढारी हात जोडून दारातच उभे राहिले. आख्खा भीमपलास झाला तरी माइक हलला नाही.

गाडीतून त्यांना सोडायला निघालो. आबांच्या मांडीवर नारळ. शिनोली गेल्यावर म्हणाले, "बरं व्हतं."

तीस वर्षांनी बरं व्हतं! मी चिडून म्हटलं, "आणि पाचची यष्टी चुकली, मेंढरांचं काय?"

"ती सकाळीच शेजाऱ्याच्या वाड्यात दिलीत."

"मग पाच, पाच काय लावलं होतं?"

मांडीवरचा नारळ कानाशी धरून त्यांनी हलवून बघितला.

"तू वंगाळ वाजवलं असतंस, तर उठायला कायतरी कारण नको?"